एक पाणी, निराळी वस्ती

वाईच्या किंवा संगम माहुलीच्या घाटावर पाण्यातल्या पायरीवरून तुमचा पाय कधी तरी घसरला असेल. तो तपकिरी, बुळबुळीत थर थोडासा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. होड्यांसारखी, काठ्यांसारखी नक्षीदार कवचे दिसतील. हे डायाटम, यांनाच करंडक शैवले असेही म्हणतात. प्रत्येक डायाटम एकाच पेशीचा असतो. त्याचे कवच सिलिकाचे, म्हणजे काचेच्याच जातीचे असून डबी आणि झाकण यांप्रमाणे त्याचे दोन भाग असतात. बहुतेकांची लांबी ०.०१ ते ०.१ मिलिमीटर भरते.

आपल्या डोंगरांतला बेसाल्ट खडक सिलिकायुक्त आहे. पावसाचे पाणी त्याच्या भेगांतून झिरपताना थोडे सिलिका विरघळवून घेते आणि झऱ्यातून बाहेर पडते. डायाटमांना कवचासाठी लागणारा माल असा आयताच मिळतो.

आता झऱ्याच्या मुखाजवळची जागा डोळ्यांसमोर आणा. तिथले दगड, मॉसचे झुबके आणि गाळ यांना एकच पाणी मिळते. मग तिन्ही ठिकाणचे डायाटम सारखेच असतील का? नाही!

याचे एक कारण भौतिकीत आहे. पाणी कितीही वेगाने वाहिले, तरी घन पृष्ठाला लागून असलेला त्याचा अगदी पातळ थर जवळजवळ स्थिर असतो. कॉकोनिससारखे डायाटम दगडाला सपाट चिकटून याच थरात राहतात; प्रवाह त्यांना सहजी ओढून नेत नाही. गोम्फोनेमा चिकट देठाच्या टोकावर उभा राहतो. दाटीतून वर डोके काढल्याने त्याला प्रकाश मिळतो. गाळात मात्र चिकटून भागत नाही, कारण वरून नवा गाळ पडला की पेशी गाडली जाते. तिथे नॅव्हिक्युला, निट्झशिया यांसारख्यांची सरशी होते. कवचावरील चिरेतून चिकट द्रव्य सोडून ते सरकत सरकत पुन्हा उजेडात येतात. मॉसच्या झुबक्यात चिकटायला पाने असतात आणि अडकलेला गाळही असतो. म्हणून तिथे निरनिराळ्या सवयींचे डायाटम एकत्र सापडू शकतात.

हे ध्यानात घेतले नाही तर मोठी चूक होते. डायाटमांवरून पाण्याची प्रत ठरवतात. निट्झशियाच्या कित्येक जाती दूषित पाण्यातही तग धरतात. समजा, एकाने वाईला दगड खरवडला आणि दुसऱ्याने सांगलीला गाळ उचलला. सांगलीच्या नमुन्यात निट्झशिया जास्त निघाले, म्हणून तिथली कृष्णा दूषित ठरवायची का? कदाचित ती तशी असेलही. पण या पुराव्यावरून ते सिद्ध होत नाही. हा फरक पाण्याचा की गाळाचा, हे कसे सांगणार? तुलना करायची तर दोन्हीकडे दगडच घ्यावेत आणि तेही सारख्या प्रवाहातले, सारख्या उन्हातले. तोलताना दोन्ही पारड्यांसाठी एकच वजनमाप वापरतो, तसेच हे!

एच. पी. गांधी यांनी १९५० नंतरच्या दशकात कोल्हापूर परिसरातील डायाटमांची वर्णने प्रसिद्ध केली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही डायाटमांचा अभ्यास होतो. तुम्हीही सुरुवात करू शकता. पावसाळा संपल्यावर, शिक्षकांना सोबत घेऊन, उथळ पाण्यातून दगड, पाणवनस्पतीचा देठ आणि थोडा गाळ घ्या. जुन्या दातब्रशाने थर सुटा करून तीन बाटल्यांत ठेवा. प्रत्येक बाटलीवर जागा आणि तारीख लिहाच. शिवाय नमुना कशावरचा, तेही लिहायला विसरू नका!