महाराष्ट्राचे मत आणि राष्ट्रपतिपद : २००७ च्या निवडणुकीकडे पाहताना

राष्ट्रपतिपदाची निवडणूक जवळ आली की एक प्रश्न हमखास कानावर येतो : "देशाच्या सर्वोच्च पदासाठी आपल्याला मत देता येत नाही, मग या निवडणुकीशी आपला संबंध काय?" प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी २००७ सालची निवडणूक फार उपयोगी पडते. त्या वर्षी महाराष्ट्राच्या एका कन्येला राष्ट्रपतिपद मिळाले आणि आपल्या राज्यातील एका पक्षाने मित्रपक्षाची साथ सोडून तिला मत दिले. त्या निर्णयाचे कोणी कौतुक केले, कोणी टीका केली. परंतु कौतुक किंवा टीका करण्यापूर्वी ही निवडणूक कशी होते, हे समजून घेणे इष्ट ठरेल.

मताचे मूल्य कसे ठरते?

राष्ट्रपतींची निवड संसदेचे निर्वाचित सदस्य आणि राज्यांच्या विधानसभांचे निर्वाचित सदस्य करतात. 'निर्वाचित' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. राज्यसभेवरील नामनियुक्त सदस्यांना या निवडणुकीत मत नसते. आपल्या विधान परिषदेच्या ७८ सदस्यांनाही ते नाही. अँग्लो-इंडियन समाजाच्या प्रतिनिधीला विधानसभेवर नियुक्त करण्याची तरतूद जानेवारी २०२० पर्यंत अस्तित्वात होती. त्या प्रतिनिधीलाही राष्ट्रपतींच्या निवडणुकीत मत देता येत नसे. ज्याला जनतेने निवडून दिले आहे, तोच जनतेच्या वतीने हे मत देतो, असे या मागचे तत्त्व आहे.

मात्र प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य सारखे नसते. राज्याच्या लोकसंख्येला निर्वाचित आमदारांच्या संख्येने भागायचे आणि आलेल्या संख्येला पुन्हा एक हजाराने भागायचे, अशी रीत आहे. लोकसंख्या धरायची ती १९७१ च्या जनगणनेची. त्या वेळी महाराष्ट्राची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख १२ हजारांच्या घरात होती आणि आमदार आहेत २८८. हिशेब केला की एका आमदाराच्या मताचे मूल्य १७५ येते आणि साऱ्या विधानसभेचे मिळून ५०,४०० होते. आपल्यापैकी अनेकांचे मूळ गाव ज्या गोव्यात आहे, तेथील आमदाराचे मूल्य २० आहे आणि चाळीस आमदारांचे मिळून ८००. उत्तर प्रदेशात एका आमदाराचे मूल्य २०८, तर सिक्कीममध्ये अवघे ७.

१९७१ ची लोकसंख्या आजही का धरली जाते, असे कोणी विचारील. कुटुंबनियोजनात यश मिळविलेल्या राज्यांचे वजन त्या यशामुळेच घटू नये, म्हणून १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने हा आकडा गोठविला आणि चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढविली. २०११ ची लोकसंख्या धरली असती, तर आपल्या आमदाराचे मूल्य १७५ ऐवजी ३९० झाले असते. अर्थात इतर राज्यांचे आकडेही त्याच वेळी वाढले असते.

२००७ मध्ये एका खासदाराच्या मताचे मूल्य ७०८ होते. महाराष्ट्राचे लोकसभेतील ४८ आणि राज्यसभेतील १९ खासदार जमेस धरले, तर आमदार व खासदार मिळून राज्याचे वजन ९७,८३६ होते. देशाची एकूण बेरीज होती १०,९८,८८२. म्हणजे सुमारे नऊ टक्के वजन एकट्या महाराष्ट्राचे होते.

जून आणि जुलै २००७

त्या वर्षी संयुक्त पुरोगामी आघाडीने जून महिन्यात श्रीमती प्रतिभाताई पाटील यांचे नाव जाहीर केले. जळगाव जिल्ह्यात जन्मलेल्या प्रतिभाताई १९६२ मध्ये प्रथम आमदार झाल्या. पुढे त्यांनी राज्यात मंत्रिपदे भूषविली, राज्यसभेच्या उपसभापती म्हणून काम पाहिले, अमरावतीचे लोकसभेत प्रतिनिधित्व केले आणि २००४ पासून त्या राजस्थानच्या राज्यपाल होत्या. त्यांच्यासमोर उभे होते तत्कालीन उपराष्ट्रपती श्री. भैरोंसिंह शेखावत. ते अपक्ष म्हणून उभे राहिले. पाठिंबा मात्र राष्ट्रीय लोकशाही आघाडीचा होता.

या आघाडीत भारतीय जनता पक्षाबरोबर शिवसेनाही होती. तरीही शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांनी, मराठी व्यक्ती प्रथमच राष्ट्रपती होत असताना आपण तिच्या विरोधात जाणार नाही, अशी भूमिका घेतली. युती तुटली नाही. मते मात्र दोन दिशांना गेली.

१९ जुलै रोजी मतदान झाले आणि २१ जुलै रोजी निकाल लागला. प्रतिभाताईंना ६,३८,११६ आणि शेखावत यांना ३,३१,३०६ मूल्याची मते मिळाली. २५ जुलै २००७ रोजी देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपतींनी शपथ घेतली. निवृत्तीनंतर त्या आपल्या पुणे शहरातच स्थायिक झाल्या, हे अनेकांना ठाऊक आहे.

शिवसेनेच्या मतांनी निकाल बदलला का? आकडे पाहू. २००४ च्या निवडणुकीत या पक्षाचे ६२ आमदार आणि लोकसभेचे १२ खासदार निवडून आले होते. नंतरच्या पक्षांतरामुळे आमदार काही कमी झाले. तरी मूळ संख्या धरली, तर या मतांचे मूल्य १९,३४६ भरते. ती मते उलट बाजूला गेली असती, तर अंतर त्याच्या दुपटीने, म्हणजे ३८,६९२ ने घटले असते. विजयाचे अंतर तर ३,०६,८१० होते. तेव्हा प्रतिभाताई या मतांवाचूनही निवडून आल्या असत्या. या मतांचे महत्त्व वेगळ्याच ठिकाणी आहे.

मत कोणाचे?

विधानसभेत पक्षाचा आदेश, ज्याला व्हिप म्हणतात, तो मोडणाऱ्या आमदाराचे सदस्यत्व जाऊ शकते. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत मात्र पक्षाला असा आदेश काढता येत नाही. मतदान गुप्त असते. मुंबईच्या विधान भवनात आमदार गुलाबी मतपत्रिका हाती घेतो आणि उमेदवारांच्या नावांपुढे आपला पसंतिक्रम अंकांत लिहितो. मोजणी दिल्लीत होते. प्रत्येक राज्याचे मूल्य वेगळे असल्याने त्या त्या राज्याची मते निराळी मोजावी लागतात. म्हणून राज्याने कसे मत दिले ते कळते, अमुक आमदाराने कसे दिले ते कळत नाही.

कायद्याने हे स्वातंत्र्य जाणीवपूर्वक दिले आहे. म्हणून पक्षाने आघाडीबाहेर मत दिले, एवढ्यावरून त्याला विश्वासघात म्हणता येणार नाही. परंतु स्वातंत्र्य मिळाले की त्याबरोबर कारण देण्याची जबाबदारीही येते. "ती आपली आहे" हे कारण पुरेसे आहे काय?

२००७ मध्येच या कारणाची मर्यादा दिसली. महाराष्ट्रात प्रतिभाताई 'मराठी कन्या' होत्या. त्यांचे पती डॉ. देवीसिंह शेखावत यांच्या घराण्याची मुळे राजस्थानात असल्यामुळे तिकडे त्यांना 'राजस्थानची सून' म्हटले गेले. त्याच प्रचारात त्यांच्याशी निगडित सहकारी संस्थांच्या कारभारावर विरोधकांनी आरोप केले. ते आरोप खरे की खोटे, हा प्रश्न निराळा; पण 'आपली' म्हटल्यावर प्रश्न विचारणेच थांबले, तर ते कोणाच्याच हिताचे नाही.

इतिहासही हेच सांगतो. १९६९ मध्ये चिंतामणराव देशमुख राष्ट्रपतिपदासाठी उभे होते. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारा हा मराठी माणूस तिसऱ्या क्रमांकावर राहिला. २०१२ मध्ये मेघालयचे श्री. पी. ए. संगमा उभे राहिले. ते आदिवासी होते आणि कॅथोलिकही. शरद पवारांबरोबर ज्या राष्ट्रवादी काँग्रेसची त्यांनी १९९९ मध्ये स्थापना केली होती, तिने प्रणव मुखर्जी यांना पाठिंबा दिला आणि संगमांना पक्ष सोडावा लागला. भाजप संगमांच्या बाजूने होता. शिवसेनेने या वेळीही निराळी वाट धरून मुखर्जींना साथ दिली. २०२२ मध्ये श्रीमती द्रौपदी मुर्मू यांना उद्धव ठाकरे यांनी पाठिंबा दिला, तेव्हा पक्षातील आदिवासी कार्यकर्त्यांच्या आग्रहाचा उल्लेख केला. त्यांचे आघाडीतील सहकारी यशवंत सिन्हा यांच्या बाजूने होते. त्या वेळी महाराष्ट्रातून मुर्मू यांना १८१ आणि सिन्हा यांना ९८ आमदारांची मते पडली.

संगमांच्या उमेदवारीच्या वेळी आपल्यापैकी काहींच्या मनात 'आपला माणूस' ही भावना उमटली असेल. त्यात गैर काही नाही. ज्या समाजाला वर्षानुवर्षे मागे बसावे लागले, त्याला आपल्यातील कोणी पुढे गेल्याचा आनंद होणारच. मराठी माणसाला २००७ मध्ये, आदिवासी बांधवांना २०२२ मध्ये तो झाला. मात्र हाच न्याय आपण दुसऱ्यालाही लावला पाहिजे. स्वतःच्या आपलेपणाला अभिमान आणि दुसऱ्याच्या आपलेपणाला जातीयवाद म्हणणे प्रामाणिकपणाचे नाही. आपलेपणा हे विचाराला सुरुवात करण्याचे कारण असू शकते. त्यानंतर उमेदवाराची योग्यता, चारित्र्य आणि संविधानावरील निष्ठा यांची तपासणी व्हायलाच हवी.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. आपला संबंध काय? आपण विधानसभेसाठी ज्याला निवडून देतो, त्याच्या हाती १७५ मूल्याचे मत सोपवतो आणि ते तो गुप्तपणे, कोणाच्याही आदेशावाचून वापरतो. तेथे त्याच्यावर नजर ठेवायला पक्षही नसतो आणि आपणही नसतो. म्हणून विधानसभेच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला रस्ता, पाणी आणि दाखल्यांविषयी जरूर विचारावे. पण त्याबरोबर, कोणी पाहत नसताना हा माणूस कसा वागेल, हा प्रश्न स्वतःलाही विचारावा. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीतील आपला वाटा आपण त्याच दिवशी देऊन टाकलेला असतो.