औंढ्याला दुर्बीण होत नाहीये

औंढा नागनाथ आपल्याला माहीत आहे ते ज्योतिर्लिंगामुळं. त्याच गावाजवळ, हिंगोली जिल्ह्यात, ‘लायगो-इंडिया’ उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल 2023 मध्ये त्यासाठी सुमारे 2,600 कोटी रुपये मंजूर केले. तेव्हापासून हे नाव अधूनमधून बातम्यांत येतं आणि त्याच्यासोबत एक शब्द हमखास येतो, दुर्बीण. कोल्हापूरजवळच्या उचगावात विषय निघाला तरी तेच, ‘मोठी दुर्बीण बसवायला लागल्यात तिकडं.’

तिथं दुर्बीण बसणार नाही. भिंग नाही, आकाशाकडं वळवलेलं तोंड नाही, रात्रीची वाट बघणं नाही. काटकोनात दोन नळ्या, प्रत्येकी 4 किलोमीटर लांब. कोपऱ्यावर लेझर. त्याचा झोत दुभागून दोन्ही नळ्यांत सोडायचा, टोकांच्या आरशांवरून परत आणायचा आणि पुन्हा एकत्र मिसळायचा. जुळणी अशी करतात की परत आलेले झोत एकमेकांना खोडून काढतात आणि बाहेर जवळपास अंधार उरतो. गुरुत्वीय लहर, म्हणजे जागेलाच ताणणारी-आखडणारी लहर, गेली की एक भुजा कणभर लांबते, दुसरी आखडते आणि अंधारात थोडा प्रकाश झिरपतो. मोजायचा तो एवढाच. लहर पायाखालून आली तरी चालतं, पृथ्वी तिला अडवत नाही. 14 सप्टेंबर 2015 ला अमेरिकेतल्या दोन लायगोंनी पहिली लहर नोंदवली तेव्हा भारतात दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. असं यंत्र तेव्हा इथं असतं तर ऊन होतं म्हणून काही अडलं नसतं.

या कामात चार संस्था आहेत : पुण्याची आयुका, इंदूरचं राजा रामण्णा केंद्र, अणुऊर्जा विभागाची मुंबईची बांधकाम शाखा आणि गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था. (गुजरातचं गांधीनगर. आपल्या शेजारच्या गांधीनगरच्या कापडबाजाराचा इथं काही संबंध नाही.) आयुका 1988 मध्ये उभी केली ती जयंत नारळीकरांनी, आणि त्यांचा जन्म कोल्हापूरचा, 1938 चा. तेव्हा हा विषय आपल्यापासून वाटतो तितका लांबचा नाही.

‘कृष्णविवरांचा आवाज ऐकला’ हे दुसरं लाडकं वाक्य. दोन कृष्णविवरांच्या टकरीतून आलेल्या पहिल्या लहरीची कंपनसंख्या 35 पासून 250 हर्ट्झपर्यंत चढत गेली. माणसाच्या कानाला ऐकू येणारा हा पट्टा आहे, म्हणून नोंद स्पीकरला जोडली तर टिटकारीसारखा आवाज निघतो. पण तो स्पीकरचा आवाज. त्या कृष्णविवरांच्या आणि आपल्या मधे हवा नाही, आवाज येणार कशातून? जी ताणली-आखडली ती जागाच.

आता एक रास्त शंका. ही शंका विचारणाऱ्यानं बारावीचं भौतिकशास्त्र मन लावून वाचलेलं असतं. त्या लहरीनं 4 किलोमीटरच्या भुजेत जो फरक पडला तो प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या हिश्श्याइतका. आरसा तर अणूंचाच, आणि ते अणू उष्णतेनं सतत थरथरतात. त्यांची थरथर या फरकाच्या लाखो पट मोठी. मग हे मोजमाप म्हणजे निव्वळ थाप नाही का?

नाही, कारण लेझर एका अणूला विचारत नाही. आरशावर पडणारा झोत बारा-एक सेंटिमीटर रुंद असतो, त्याखाली अगणित अणू येतात. कुणी पुढं, कुणी मागं, सगळ्यांची सरासरी निघते. शिवाय अणूंची थरथर सेकंदाला लाखो कोटी वेळांची, आणि लायगोचं लक्ष साधारण 10 पासून काही हजार हर्ट्झपर्यंतच. उरते ती अख्ख्या आरशाची आणि त्याच्या टांगणीची उष्णतेनं होणारी हालचाल. ती घालवता येत नाही, पण एका कोपऱ्यात कोंबता येते. म्हणून 40 किलोचा आरसा शुद्ध सिलिका काचेचा करतात आणि तशाच काचेच्या 0.4 मिलिमीटर जाडीच्या चार तंतूंवर टांगतात. ही काच कंपनाची ऊर्जा फार कमी वाया घालवते. परिणामी तिची सगळी चुळबुळ तिच्या स्वतःच्या ठरावीक सुरांत एकवटते आणि मधला पट्टा शांत राहतो.

आरसा म्हटलं की आपल्या भागात चांदी आठवणारच, चांदीकामासाठी प्रसिद्ध हुपरी इथून जवळच. लायगोच्या आरशावर मात्र चांदीचा कणही नाही. चांदी इन्फ्रारेड प्रकाश चांगला परतवते, तरी शेकडा एकाच्या आसपास गिळतेच. लायगोच्या रचनेत भुजांमध्ये फिरणारा प्रकाश 750 किलोवॅटपर्यंत जाऊ शकतो. प्रत्यक्षात आजवर त्याच्या निम्म्याच्या आसपास पोचला आहे. त्यातला एक टक्का जरी आरशात मुरला तरी काही किलोवॅट उष्णता, म्हणजे आरसा संपला. म्हणून सिलिका आणि टँटलम ऑक्साइड यांचे पातळ थर एकाआड एक बसवतात. प्रत्येक थरावरून थोडा थोडा प्रकाश परततो आणि सगळे परतलेले झोत एकमेकांत भर घालतात. अशा लेपात दहा लाखांतला एक भागही मुरत नाही. तेवढ्यानंही आरशाचा आकार किंचित बिघडतो आणि तो सावरायला कडेनं वेगळी तापवणी लावावी लागते.

या लेपातच आजचं सगळ्यात चिवट संशोधन अडकलं आहे. टँटलम ऑक्साइडचा थर स्फटिक नसतो, काचेसारखा विस्कळीत असतो. त्यात काही अणूंना बसायला दोन जवळपास सारख्या जागा मिळतात आणि ते इकडून तिकडं उड्या मारत राहतात. 100 हर्ट्झच्या आसपास, जिथं यंत्र सगळ्यात तल्लख असायला हवं, तिथंच हा गोंगाट आड येतो. त्यात टायटॅनियम मिसळून तो थोडा कमी झाला. आता जर्मेनियम ऑक्साइडचे आणि गॅलियम आर्सेनाइडच्या घराण्यातले स्फटिकी लेप तपासले जात आहेत. विश्वातल्या सगळ्यात प्रचंड टकरी टिपायला निघालेली माणसं शेवटी काचेतले अणू कसे बसतात या घनपदार्थ भौतिकीच्या प्रश्नापाशी येऊन थांबतात, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत देखणं वळण वाटतं. आपल्या शिवाजी विद्यापीठातही पातळ थरांवर कित्येक वर्षं काम चालत आलं आहे. ते सौरघट, वायुसंवेदक अशा वेगळ्या कामांसाठी, पण थर कसा जमतो आणि त्यात दोष कुठं राहतात हा प्रश्न दोन्हीकडं एकच.

‘मग लेझरची ताकद वाढवा की!’ वाढवली तर प्रकाशकणांच्या संख्येतली अनिश्चितता तुलनेनं कमी होते हे खरं. पण तेच कण आरशावर आपटतात, जास्त कण म्हणजे जास्त धक्के, आणि खालच्या कंपनसंख्यांना तेच नडतं. 2019 पासून लायगोत ‘स्क्वीझ्ड’ प्रकाश वापरतात. त्यात एका बाजूची अनिश्चितता दाबतात आणि ती दुसऱ्या बाजूला फुगते. हायझेनबर्गचा नियम मोडला, असं याचं वर्णन कुठं वाचलंत तर सोडून द्या. नियम जसाच्या तसा आहे, फक्त नको असलेला वाटा जिथं त्रास देत नाही तिथं सरकवला आहे. 2023 पासून 300 मीटरची एक जादा पोकळी जोडून ही सरकवासरकव कंपनसंख्येनुसार बदलता येऊ लागली.

संगणकानं गोंगाट गाळून टाकला आणि खाली लहर सापडली, असंही समजलं जातं. गोंगाट असा गाळता येत नाही, कारण तो आणि लहर एकाच पट्ट्यात असतात. करतात ते उलटं. गांधीनगरच्या बाजारात ऐन दिवाळीत गर्दीचा आवाज कमी न होताही आपल्या माणसाची हाक कळते, कारण ती कशी असते ते आधीच ठाऊक असतं. तसंच आइन्स्टाइनच्या समीकरणांवरून लहर कशी दिसेल याचे नमुने आधी काढून ठेवायचे आणि प्रत्येक नमुना नोंदीवरून सरकवत किती जुळतो ते पाहायचं. हे नमुने किती आणि किती जवळजवळ घ्यायचे, हा हिशेब सुरुवातीला मांडणाऱ्यांत आयुकाचे संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश होते. त्यांचा त्यावरचा शोधनिबंध 1991 चा, म्हणजे लहर सापडण्याच्या चोवीस वर्षं आधीचा. 2015 च्या शोधात असे अडीच लाखांच्या आसपास नमुने वापरले गेले. गंमत अशी की 14 सप्टेंबरची पहिली सूचना तीनेक मिनिटांत आली ती नमुन्यांशिवाय चालणाऱ्या एका शोधप्रणालीकडून. नमुन्यांनी नंतर ती पक्की केली.

पक्की म्हणजे किती? इथली युक्ती सांगण्याजोगी आहे. दोन यंत्रं 3,000 किलोमीटर लांब, त्यामुळं खरी लहर दोन्हीकडं जास्तीत जास्त 10 मिलिसेकंदांच्या फरकानं पोचते. एका यंत्राची नोंद मुद्दाम त्याहून जास्त पुढंमागं सरकवली की त्यानंतर जी जुळणी दिसेल ती खोटीच असणार. असं लाखो वेळा सरकवून, 16 दिवसांच्या जोडनोंदींतून लाखो वर्षांइतकी ‘खोटी’ नोंद तयार केली. त्यात इतकी ठसठशीत जुळणी एकदाही आली नाही. म्हणून योगायोगाची शक्यता 2,03,000 वर्षांतून एकदापेक्षाही कमी, असं लिहिता आलं.

याच लोकांनी स्वतःला फसवूनही पाहिलं होतं. सप्टेंबर 2010 मध्ये मोजक्या जणांनी गुपचूप एक बनावट लहर यंत्रात घुसवली. शेकडो शास्त्रज्ञांनी महिनोन्महिने ती तपासली, शोधनिबंधाचा मसुदाही लिहिला, आणि मार्च 2011 मध्ये भर सभेत पाकीट उघडून सांगण्यात आलं की ही आपलीच करणी.  अशी चाचणी कधीही होऊ शकते हे आधीच ठरलेलं होतं.

सध्याचा ताजा गैरसमज एआयचा, की गुरुत्वीय लहरी एआयनं शोधल्या. शोधल्या नाहीत. पण ते आता यंत्राच्या पोटात शिरलं आहे हे खरं, दोन ठिकाणी. पहिलं काम हिशेबनीसाचं. यंत्रात दर थोड्या वेळानं कसले ना कसले ठिपके, चट्टे उमटतात. ‘ग्रॅव्हिटी स्पाय’ या उपक्रमात सामान्य माणसांनी घरबसल्या ते ओळखून वर्ग पाडले आणि त्यावरून संगणक शिकला. दुसरं काम नवं, सप्टेंबर 2025 मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेलं. टांगलेले आरसे जागेवर ठेवायला सतत बारीक ढकलत राहावं लागतं, आणि ही सावरासावरच स्वतः गोंगाट घालते. गूगल डीपमाइंड, कॅलटेक आणि इटलीतली ग्रान सासो संस्था यांनी ढकलण्याची पद्धत एआयला शिकवून ठरवली आणि अमेरिकेतल्या लिव्हिंगस्टनच्या लायगोवर वापरून पाहिली. 10 ते 30 हर्ट्झच्या पट्ट्यात हा सावरण्याचा गोंगाट तीसपटीहून जास्त घटला. एआयनं इथं आकाशात काही पाहिलं नाही, आरशाला हात कमी लावला.

‘हिंगोलीला काय म्हणून, आपल्याकडं माळ कमी आहेत का?’ उचगावच्या कडेनं पुणे-बंगळूर महामार्ग जातो, जवळून मिरजेची रेल्वे, पलीकडं उजळाईवाडीचा विमानतळ, दोन्ही अंगांना एमआयडीसी. अवजड वाहनांचे हादरे नेमके त्याच खालच्या पट्ट्यात येतात. अमेरिकेत लिव्हिंगस्टनजवळची मालगाडी नोंदीत दिसते. हॅनफर्डच्या दुसऱ्या लायगोत तर तहानलेले डोमकावळे नळावरचं बर्फ टोचत होते, त्या चोची शास्त्रज्ञांना लहरींच्या नोंदीत सापडल्या. आणि आणखी एक यंत्र लागतं कशाला? लहर कुठून आली ते एका यंत्राला कळत नाही, वेळेतल्या फरकावरून दिशा काढतात. 2015 ची दिशा आकाशाच्या सुमारे 600 चौरस अंशांत कुठंतरी होती. ऑगस्ट 2017 मध्ये इटलीतलं व्हर्गो यंत्र सोबत आलं आणि दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची जागा 28 चौरस अंशांवर आली. मग ही टक्कर जिथं झाली ती दीर्घिका दुर्बिणींना त्याच दिवशी सापडली. दुर्बिणी कामाला आल्या त्या इथं.

शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या मंडळींनी मात्र लेझरपेक्षा नळीकडं बघावं. नळी म्हणजे पाइपलाइनच की, असं वाटेल. 1.2 मीटर व्यासाची, अवघ्या 3 मिलिमीटर जाड पत्र्याची, आत हवेच्या दाबाचा एक लाख-कोटीवा हिस्सा. हवेचे उरलेसुरले रेणू प्रकाशाचा वेग किंचित बदलतात आणि आरशांनाही धडकतात, म्हणून इतकी पोकळी. स्टेनलेस स्टीलच्या अंगात मुरलेला वायू काढायला अमेरिकेत या नळ्या महिनाभर 150 ते 170 अंश सेल्सिअसला भाजल्या, आणि त्यासाठी भट्टी नव्हती, नळीतूनच वीज सोडली होती. हवा उपसायला 40 दिवस लागले. औंढ्याला हे सगळं, प्रत्येक सांधा गळतीसाठी तपासण्यासकट, भारतातच करायचं आहे.