शिकण्यासाठी जुनं विमान घेताना

अमेरिकेत विमान चालवायला शिकणाऱ्या मराठी मुलांत एक बेत हमखास निघतो: तासाला भाडं मोजण्यापेक्षा जुनं सेसना घ्यायचं आणि परवाना हातात पडला की विकायचं. बेत वाईट नाही, पण काही समजुतींपायी तो फार महागात पडतो.

वयाची भीती आधी सोडा. सेसना १५२ चं उत्पादन १९८५ सालीच थांबलं, तरी ती आजही शिकवणीला वापरली जातात. दर बारा महिन्यांनी विमान उघडून तपासणं कायद्याने बंधनकारक आहे. वयापेक्षा गंज पाहा, लॉगबुकं वाचा. लॉगबुकंच गहाळ असतील तर ते विमान सोडून द्या.

सगळ्यात फसवी समजूत इंजिनाची. ‘ओव्हरहॉलनंतर फक्त ३०० तास’ असं वाचून माणूस भुलतो. पण ते तास किती वर्षांत झाले? १५२ च्या लायकमिंग इंजिनात कॅमशाफ्ट वरच्या अंगाला असतो. विमान महिनोन्‌महिने उभं राहिलं की तेल खाली निथळतं, कॅम कोरडा पडतो आणि दमट हवेत गंजतो. पुढे तो झिजू लागतो आणि तेलाचा फिल्टर कापून पाहिला की आत धातूचा चुरा चमकतो. या इंजिनाला उत्पादकाने सुचवलेली मर्यादा २४०० तासांची आहे. नेमाने उडणारं १५०० तासांचं इंजिन मला त्या ३०० तासांच्या इंजिनापेक्षा भरवशाचं वाटतं.

विकणाऱ्याने नुकतीच वार्षिक तपासणी केली असली, तरी त्या विमानावर कधीच काम न केलेला मेकॅनिक स्वतः नेमा. जुन्या सेसनांत त्याला सीटचे रूळ जरूर बघायला सांगा. रुळाची भोकं झिजली की उड्डाणाच्या क्षणीच सीट मागे सरकू शकते, हात नकळत योक ओढतो आणि नाक वर जातं. अशाने जीव गेले आहेत.

दर १०० तासांची तपासणी मात्र सरसकट सक्तीची नाही. विमान तुमचं आणि शिक्षक फक्त शिकवण्याचे पैसे घेत असेल, तर ती लागू होत नाही.

बचतीचं गणित तासांवर ठरतं. हँगर, विमा आणि वार्षिक तपासणी यांचा खर्च विमान उडो न उडो, होतोच. खासगी परवान्याच्या किमान ४० तासांसाठी विमान घेणं क्वचितच परवडतं. व्यावसायिक परवान्याच्या २५० तासांसाठी विचार करण्याजोगं आहे.

आणि विद्यार्थी व्हिसावर असाल तर विमान थेट तुमच्या नावावर नोंदवता येत नाही. व्यक्तीच्या नावावर नोंदणीसाठी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. ट्रस्टमार्फत वाट निघते, पण तिचा खर्च वेगळा, म्हणून बयाणा देण्याआधीच वकिलाला विचारा.