पेजेने फेरेट बरा होत नाही

घरात कुणी आजारी पडलं की आपला हात आधी तांदळाच्या डब्याकडे जातो. मऊ भात, पेज, वर चिमूटभर मेतकूट. फारच गळून गेला असेल तर ग्लुकोजचं पाणी. रायपूरच्या समता कॉलोनीतल्या मराठी घरांचंही पथ्य हेच, उन्हाळ्यात फार तर कुणी छत्तीसगढी मावशी बासी, म्हणजे पाण्यात भिजवलेला शिळा भात, सुचवणार. माणसाला हे सगळं मानवतं. पाठीचा कणा हाताला लागू लागलेल्या फेरेटला मात्र यातलं काहीही देऊ नका.

फेरेट पाळणारी घरं आपल्याकडे मोजकीच. शेजारीपाजारी त्याला 'नेवला' समजतात आणि वन्यजीव कायद्याची भीती घालतात. मुंगूस संरक्षित आहे हे खरं, पण फेरेटचं कूळच वेगळं. युरोपातल्या पोलकॅटपासून माणसाने त्याला दोनेक हजार वर्षांपूर्वी माणसाळवलं, सशांच्या बिळात सोडण्यासाठी. हा अस्सल मांसाहारी प्राणी. आतडं आखूड, खाल्लेलं 3-4 तासांत बाहेर. तेवढ्या वेळात भात-डाळीतून त्याला फारसं काही मिळत नाही. पोट भरलेलं दिसतं आणि प्राणी झिजत राहतो.

वजन घटलं म्हणजे आजारच, असंही नाही. फेरेट थंडीत चरबी धरतो आणि दिवस मोठे झाले की उतरवतो. हा फरक चांगला डोळ्यांत भरण्याइतका असतो. पण भूक गेली, शी काळी झाली, तो दात खाऊ लागला तर ऋतूला दोष देऊ नये. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या आणि रोज ठरल्या वेळी वजन लिहा. नर साधारण 1 ते 2 किलोचा, मादी त्याच्या निम्मी. एवढ्याशा जिवाचे 100 ग्रॅम म्हणजे खूप झाले.

ग्लुकोजवर एवढा राग का? वयाची तीन-चार वर्षं उलटलेल्या फेरेटमध्ये स्वादुपिंडाच्या गाठी, म्हणजे इन्सुलिनोमा, वारंवार आढळतात. या गाठी गरज नसताना इन्सुलिन सोडतात आणि रक्तातली साखर कोसळते. तो शून्यात बघत बसतो, लाळ गाळतो, पंजाने तोंड खाजवतो, मागचे पाय ओढत चालतो. अशा वेळी गोड पाजलं की दहा मिनिटं तरतरी येते, मग गाठी आणखी इन्सुलिन ओततात आणि साखर पुन्हा खाली. मधाला जागा एकच: तो आचके देत असेल किंवा शुद्ध हरपली असेल तर बोटावरचा थोडा मध हिरड्यांना चोळायचा, घशात काही ओतायचं नाही. शुद्धीवर आला की लगेच मांसाहार आणि तडक डॉक्टर.

भरवण्याची पेस्ट घरी होते. बिनहाडाची कोंबडी नुसत्या पाण्यात उकडायची. मीठ, कांदा, लसूण वर्ज्य. चरबी काढून टाकू नका, तेच त्याचं इंधन. भिजवलेलं किटन फूड घालून रश्शासकट मिक्सरमधून काढायचं, कारण नुसत्या कोंबडीत कॅल्शियम पुरेसं नसतं. मग गाळणीतून गाळायचं. एक धागा राहिला तरी सिरिंज तुंबते. शाकाहारी घरात हे शिजवायचं कुठे, हा समता कॉलोनीतला खरा प्रश्न. बाल्कनीत इंडक्शन आणि वेगळं मिक्सरचं भांडं, एवढी तडजोड घरात व्हावी. पनीर आणि सोयाबीनने भागत नाही.

पेस्ट कोमट हवी; थेंब मनगटावर टाकून बघा. फेरेटला टॉवेलात सैलसर गुंडाळा, मान वर करू नका. आधी बोटावर चाटवा. चाटत नसेल तर बिनसुईची सिरिंज सुळ्यामागे, गालाच्या बाजूने सरकवून अर्धा मिली सोडा आणि गिळण्याची वाट पाहा. घाई केली की अन्न श्वासनलिकेत जातं. सुरुवातीला 2-3 मिली पुरे, मग हळूहळू 10 मिलीपर्यंत, दर चार तासांनी. रात्रीही. गजर लावावा लागतो आणि आळीपाळीने उठावं लागतं.

एका वेळी मात्र भरवायचंच नाही. रबरी चपलेचे, स्पंजचे तुकडे गिळण्याची या प्राण्याला भारी हौस. उलटीचे उमाळे येताहेत आणि शी बंद आहे, तर आतडं अडलेलं असू शकतं. आधी एक्स-रे.

दुर्गच्या पुढे अंजोऱ्याला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. निघण्याआधी फोनवर विचारा, फेरेट तपासतात का. मे महिन्यात दुपारी नेऊ नका. तिशीपार तापमान फेरेटला सोसत नाही आणि रायपूरचा पारा 45 ला टेकतो. कूलर पुरत नाही, एसीच लागतो.

आणखी एक. माणसाचा फ्लू फेरेटला होतो. 1933 मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांना फ्लूचा विषाणू सापडला तो फेरेटवरच्याच प्रयोगांतून, आणि एका फेरेटने शिंकून तिथल्याच एका संशोधकाला तो परतही दिला. तेव्हा घरात ज्याला सर्दी-ताप असेल त्याने सिरिंज दुसऱ्याच्या हाती द्यावी.