डबक्यातला गृहस्थ

‘कूपमंडूक’ म्हणून आपण बिचाऱ्या बेडकाची पुरेशी बदनामी केली आहे. डबक्यात राहणाऱ्याचे जग डबक्याएवढेच, अशी माझीही समजूत होती. ती एका बोटभर माशाने दूर केली. त्याची ही हकिगत.

गेल्या उन्हाळ्यात मी कॅनडात, व्हिक्टोरियाला लेकीकडे गेलो होतो. सौभाग्यवती गेल्यापासून गिरगावातल्या दोन खोल्यांत मी एकटाच. लेकीने लकडाच लावला होता, “बाबा, त्या खोल्या विका आणि इथेच राहा. तुम्हाला स्वतंत्र खोली आहे, खिडकीतून समुद्र दिसतो.” मी ‘बघू’ म्हणून वेळ मारून नेत होतो.

एका रविवारी ती मला आणि नातवाला बोटॅनिकल बीचवर घेऊन गेली. मोटारीने दोनएक तासांचा रस्ता. ओहोटी लागली होती. खडकांत रांजणासारखे खळगे आणि त्यांत नितळ पाणी. तळाशी समुद्रफुले, तारामासे, शेवाळ. मी एका डबक्याशी उकिडवा बसलो. बराच वेळ काही हालेना. मग एक खडाच टुणकन पुढे सरकला!

“हा टाइडपूल स्कल्पिन,” लेक म्हणाली. तिने प्राणिशास्त्राची पदवी घेतली आहे. अलास्कापासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या किनाऱ्यावर याची वस्ती. लांबी फार तर ९ सेंटिमीटर. डोके मोठे, शेपटीकडे निमुळता, आणि रंग असा की तळातल्या वाळूत मिसळून जावा. पोटात हवेची पिशवी नसल्यामुळे हा तरंगत नाही. पर पसरून तळाला टेकून बसतो.

संसार मात्र खडतर. उन्हात पाणी तापते, पावसात अळणी होते. रात्री शेवाळ प्राणवायू देण्याऐवजी स्वतःच वापरते आणि डबक्यात जीव गुदमरू लागतो. तेव्हा हा पठ्ठ्या सरळ पाण्याबाहेर येतो आणि हवेत श्वास घेतो. थेट आपल्या खाडीतल्या निवट्यांसारखा!

एवढ्यात नातवाने पेल्यात एक मासा धरला आणि वीसएक पावलांवरच्या मोठ्या डबक्यात सोडून तो धावत आला. “आजोबा, मी त्याला मोठं घर दिलं!”

लेक रागावली. तिथले काही उचलायचे नाही, हलवायचे नाही, असा नियम आहे. मग हसून म्हणाली, “जाऊ दे, भरती आली की तो आपल्या घरी जाईल.”

मला ते खरे वाटेना. तेव्हा तिने सगळे उलगडून सांगितले. भरतीत सारी डबकी एकाच पाण्याखाली जातात. त्या वेळी हे मासे बाहेर हिंडून येतात आणि ओहोटीला पुष्कळसे आपापल्या डबक्यात परततात. शास्त्रज्ञांनी खूण केलेले मासे सुमारे १०० मीटर दूर नेऊन सोडले, तरी त्यांतले बरेच परत आले. सहा महिने टाकीत ठेवलेल्यांनाही घर आठवले. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तर असे दिसले, की वाट शोधताना त्यांना डोळ्यांपेक्षा नाकच अधिक उपयोगी पडते. मासा घर ओळखतो ते वासाने! अगदी लहान पिलांना मात्र हे तितकेसे साधत नाही.

मी गप्प झालो. आमच्या चाळीच्या जिन्यातला जुन्या लाकडाचा वास, शेजारच्या बिऱ्हाडातला चकलीच्या भाजणीचा, हिच्या कपाटातला कापराचा... व्हिक्टोरियातली ती खोली सुरेख होती, हवेशीर होती. तिला अजून कसलाच वास नव्हता.

लेक माझ्याकडे पाहत होती. थोड्या वेळाने तिने हळूच विचारले, “बाबा, परतीचं तिकीट कधीचं काढू?”

“वसुबारसेच्या आधीचं.”

तिने मान हलवली. खोल्या विकण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. तिचे डबके आता तिथले आहे, माझे गिरगावातले. त्यात कुणाचे चुकले असे मला वाटत नाही.

पाणी चढू लागले. पाहता पाहता नातवाचे मोठे डबके आणि माशाचे जुने, दोन्ही एक झाली. नातू माझा हात धरून म्हणाला, “आजोबा, तुम्ही पुढच्या भरतीला परत याल?”

“येईन की,” मी म्हटले. घर ठाऊक असले, की हिंडायला भीती नसते.