मोडलेली फांदी कोठे कापावी?

कुंभकोणमचा मेलकावेरी हा भाग कावेरीच्या काठी आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘गाजा’ चक्रीवादळाने या नदीच्या त्रिभुज प्रदेशातील असंख्य वृक्ष पाडले. अशा वादळानंतर उभ्या राहिलेल्या वृक्षांचे आयुष्य पुष्कळदा करवत चालविणाऱ्याच्या हाती असते.

वृक्षाची जखम मनुष्याच्या जखमेप्रमाणे बरी होत नाही. नवे लाकूड व साल तिला झाकतात. आतील बिघडलेले लाकूड तसेच राहते. अमेरिकेच्या वनखात्यातील शास्त्रज्ञ अॅलेक्स शिगो यांनी खोडे चिरून दाखविले की, वृक्ष कुजीभोवती जणू तट उभारून तिला कोंडतो. फांदीच्या बुडाशी जो फुगवटा असतो, तेथे हा तट विशेष बळकट असतो. म्हणून फांदी फुगवट्याच्या लगत, परंतु त्याच्या बाहेर कापावी. खोडाशी सपाट कापल्यास तट तुटतो. लांब खुंट ठेवल्यास तो कुजतो.

जड फांदी एका कापात तोडू नये. ती कोसळताना खोडाची साल सोलून नेते. प्रथम हातभर अंतरावर खालून अर्धवट काप घ्यावा, नंतर किंचित पुढे वरून कापून फांदी उतरवावी, आणि शेवटी खुंट काढावा. जखमेवर डांबर फासल्याने कूज थांबत नाही.

विजेच्या तारांजवळ वीजपुरवठा बंद झाल्याखेरीज काम करू नये, व फांदीखाली कोणास उभे राहू देऊ नये. वृक्षापूर्वी मनुष्याचा जीव जपावा.