बूस्ट दाबल्या गेलं ताई!

समोर अंतराळात एक फिरतं स्टेशन आहे. त्याच्या तोंडाला आडवी फट, पोस्टाच्या पेटीला असते तशी. खेळणारे तिला ‘मेल स्लॉट’च म्हणतात. त्या फटीतून तुम्हाला १५२ मीटर लांबीचं जहाज आत न्यायचंय. एसटीच्या डझनभर लाल गाड्या एकामागे एक उभ्या करा, साधारण तेवढं. कंट्रोलवाला पॅडचा नंबर सांगून मोकळा झालाय, घड्याळात दहा मिनिटं आहेत आणि समोरून कोणीतरी बाहेर निघतंय. घाम फुटतो राव. खुर्ची वलगावातली असली तरी फुटतो.

गेमचं नाव ‘एलिट डेंजरस’. केंब्रिजच्या फ्रंटियर डेव्हलपमेंट्सने तो डिसेंबर २०१४ मध्ये आणला, पण त्याचं मूळ १९८४ चं. डेव्हिड ब्रेबेन आणि इयान बेल हे तेव्हा केंब्रिजला शिकत होते, म्हणजे तुमच्याच वयाचे. बीबीसी मायक्रो नावाच्या कॉम्प्युटरवर, ३२ केबी मेमरीत, त्यांनी आठ आकाशगंगा बसवल्या, प्रत्येकीत २५६ तारे. आज व्हॉट्सअॅपवर येणारा ‘गुड मॉर्निंग’चा फोटोही त्याहून जड असतो. युक्ती अशी, की तारे साठवायचेच नाहीत, गणिताच्या सूत्रातून दर वेळी नव्याने काढायचे. तीच युक्ती वाढवत नेऊन नव्या गेममध्ये आपली अख्खी आकाशगंगा खऱ्या मापात उभी केलीय. सुमारे ४०० अब्ज तारामंडळं. कोणाच्या सात जन्मात पाहून होणार नाहीत.

सुरुवातीला तुम्हाला ‘साइडवाइंडर’ नावाचं चिमुकलं जहाज मिळतं. ते स्कूटीसारखं, कुठूनही वळतं, कुठेही घुसतं. मग माल वाहा, खाणकाम करा, लुटारू मारा, क्रेडिट्स जमवा आणि मोठं जहाज घ्या. ‘अनाकोंडा’ नुसती, काहीही न बसवता, पावणेपंधरा कोटी क्रेडिट्सच्या आसपास पडते. माझ्या मावसभावाने ती सहा महिन्यांत घेतली. तो बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, रोज वलगावहून अमरावतीला अप-डाऊन करतो, आणि घरी जुन्या पीसीत सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड टाकून रात्री ‘कमांडर’ होतो.

आता मोठं जहाज म्हणजे नेमकं काय, ते समजून घ्या. अंतराळात हवा नाही, घर्षण नाही. एकदा सुटलेली वस्तू सुटलीच. न्यूटनचा पहिला नियम आपण सगळ्यांनी दोन मार्कांसाठी पाठ केला, इथे तो अंगावर येतो. गेममध्ये ‘फ्लाइट असिस्ट’ नावाची सोय आहे, म्हणजे कॉम्प्युटर स्वतःच उलटे थ्रस्टर मारून जहाज सावरत राहतो. ती बंद केली की नाक पूर्ण मागे वळवा, तरी जहाज आधीच्याच दिशेने मुकाट चालत राहतं. चालू ठेवली तरी अनाकोंडा लगेच वळत नाही. तुम्ही माऊस ओढता, जहाज विचार करतं, मग हळूच नाक उचलतं. वेगाच्या पट्टीवर मध्ये एक निळा भाग असतो. वेग त्या भागात ठेवला तर जहाज सगळ्यात चांगलं वळतं. नवखी पोरं फुल्ल स्पीडवर वळवत बसतात आणि जहाजाला शिव्या देतात.

लांबच्या प्रवासातही तेच. प्रकाशाच्या कितीतरी पट वेगाने जाताना मुक्कामाला पोचायला सहा-सात सेकंद दिसू लागले की थ्रॉटल कमी करायचं. उशीर केलात तर तुम्ही ग्रहाच्या पुढे सुटता आणि मोठा वळसा घालून परत येता. या वळशाला खेळणाऱ्यांनी ‘लूप ऑफ शेम’ नाव दिलंय.

मावसाजी एकदा हे पाहत दारात उभे होते. त्यांची हयात कापसाची ट्रॉली जिनिंगच्या गेटातून आत घालण्यात गेली. म्हणाले, “भरल्या ट्रॉलीले ब्रेक लय आधीपासून लावा लागते बे. गेटाजवळ येऊन काय उपेग?” पोट्ट्याने ऐकलं नाही.

डिसेंबरातली रात्र होती. नवी कोरी अनाकोंडा, आत माल भरलेला. स्टेशनपासून साडेसात किलोमीटरच्या आत आल्यावर परवानगी मागितली, पॅड मिळालं. हिरवा दिवा उजवीकडे घेऊन फटीतून बरोबर शिरला. मी बाजूलाच चहा घेऊन बसले होते. मग चाकं काढायला म्हणून हात गेला आणि भलतंच बटण दाबलं.

“बूस्ट दाबल्या गेलं ताई!”

स्टेशनच्या आत वेगमर्यादा सेकंदाला १०० मीटर. अनाकोंडा बूस्टला २४० पर्यंत जाते. समोरून निघालेलं कोणाचं तरी छोटं जहाज तिच्या नाकावर फुटलं आणि स्टेशनच्या तोफा हिच्याकडे वळल्या. पुढे काही सेकंदच. स्क्रीनवर हिशोब आला.

हा हिशोब फार महत्त्वाचा आहे. गेममध्ये विमा असतो. जहाज आणि त्यावर बसवलेल्या सामानाच्या किमतीच्या पाच टक्के भरले की सगळं परत मिळतं. आतला माल मात्र गेला तो गेला. याच्याकडे ते पाच टक्केही नव्हते. होतं नव्हतं ते चांगल्या इंजिनावर आणि ढालीवर घालून बसला होता. ‘विम्याचे पैसे खिशात नसतील तर उडू नका’ हा या गेममधला पहिला नियम, आणि तो बहुतेकांना असाच कळतो. सहा महिने गेले, हातात पुन्हा साइडवाइंडर. त्याच सेमिस्टरला त्याला एक बॅकही लागली. फिजिक्सचीच.

मला तेव्हा हसू आलं होतं, आता थोडं वाईट वाटतं. कारण नुकसान खोटं असलं तरी घातलेल्या रात्री खऱ्या असतात. ‘ईव्ह ऑनलाइन’ या दुसऱ्या अंतराळ गेममध्ये २७ जानेवारी २०१४ ला एका तारामंडळाचं ताबा ठेवायचं बिल भरायचं राहून गेलं. त्यावरून जी लढाई पेटली ती २१ तास चालली. ‘टायटन’ वर्गाची ७५ महाकाय जहाजं नष्ट झाली, आणि तिथलं चलन डॉलरमध्ये मोजलं तर नुकसान तीन लाखांच्या वर गेल्याचा अंदाज निघाला. बिल भरायचं विसरलं, बस्स!

तर तुम्ही खेळणार असाल तर दोन गोष्टी. चाकं फटीच्या बाहेरच काढून ठेवा. चाकं बाहेर असली की बूस्ट चालतच नाही, म्हणजे हात चुकला तरी जहाज वाचतं. आणि कोणी सांगितलं की ‘हटन ऑर्बिटल’ला फुकट अनाकोंडा मिळते, तर जाऊ नका. ते स्टेशन मुख्य ताऱ्यापासून ०.२२ प्रकाशवर्षं दूर आहे, सरळ रेषेत तासाभराहून जास्त नुसतं बसून राहावं लागतं, आणि तिथे अनाकोंडा बिनाकोंडा काही नाही. नवख्यांना तिकडे धाडणं ही या गेमची जुनी रॅगिंग आहे. इंधन संपून मध्येच अडकलात तर ‘फ्युएल रॅट्स’ना हाक मारा. हे खेळणारेच स्वयंसेवक आहेत, कुठूनही येऊन इंधन देतात आणि एक क्रेडिट घेत नाहीत.

मावसभाऊ आता ‘टाइप-९’ चालवतो. हे मालवाहू जहाज इतकं सुस्त, की जगभरातले खेळणारे त्याला गाय म्हणतात. मॉनिटरच्या कडेला त्याने विम्याची रक्कम चिठ्ठीवर लिहून चिकटवलीय. परवा गेले तेव्हा मावसाजी मागे खुर्ची टाकून बसले होते आणि फट दिसायच्या आधीच ओरडत होते, “आता कमी कर. अबे, आता!”